फ्रेंच आडनावांची कुळकथा

महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा द ब्वान्य आपल्या इतिहासग्रंथांत 'डी बॉइन' म्हणून भेटतो. नावामागचा तो 'द' पाहून वाचकाला वाटतं, कोणी सरदारपुत्र असावा. प्रत्यक्षात तो आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या शांबेरी गावातल्या कातड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. १७५१ मध्ये जन्मला तेव्हा त्याचं नाव होतं बनुआ लबोर्न्य. 'लबोर्न्य' म्हणजे एका डोळ्याचा, काणा. कधीकाळी त्या घराण्यात कोणा पूर्वजाचा एक डोळा गेला असेल, गावानं त्याला त्या खुणेनं ओळखलं आणि पुढच्या धडधाकट पिढ्यांनाही ते चिकटलं. मुलानं मोठेपणी अक्षरं थोडी इकडची तिकडे केली आणि काण्याचा 'द ब्वान्य' झाला. हिंदुस्थानातून अमाप पैसा घेऊन तो परतला, पुढे सार्डिनियाच्या राजानं त्याला काउंट केलं आणि १८३० मध्ये तो वारला. शांबेरीच्या चौकात त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचं कारंजं आहे. हत्तींचा फक्त पुढचा भाग दिसतो, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना 'बिनढुंगणाचे चौघे' असं नाव ठेवलंय. त्या गावाची नावं ठेवण्याची खोड गेलेली नाही, एवढं खरं.

शिंद्यांच्याच फौजेत त्याच्या जागी आलेला पेराँ हा मुळात प्येर क्युइये. 'पेराँ' हे 'प्येर' या नावाचंच लाडिक रूप. म्हणजे आपल्या इतिहासात गाजलेल्या या दोन्ही सेनापतींची आपल्याला ठाऊक असलेली नावं त्यांच्या बापाकडून आलेली नाहीत. या दोघांमुळेच मी फ्रेंच आडनावांच्या नादी लागलो. सुरुवातीला शब्दांच्या व्युत्पत्तीची मौज होती. पुढे लक्षात आलं की माणसाचं नाव कोणी ठरवायचं, हा सगळा झगडा या नावांच्या आड दडलेला आहे.

रोमन अमदानीत गॉलमधल्या नागरिकांना तीन-तीन नावं असत. साम्राज्य ढासळल्यावर, फ्रँक टोळ्यांच्या काळात, ती पद्धत पार मोडली आणि माणसाला एकच नाव उरलं. कित्येक शतकं तेवढ्यावर भागलं. पण अकराव्या-बाराव्या शतकात गावं फुगली, आणि दुसरीकडे बाप्तिस्म्याला ठेवायची नावं मोजक्या संतांपुरती आटत गेली. एका गल्लीत पाच 'जाँ' झाले की प्रत्येकाला शेपूट लावावंच लागतं. पुलाजवळचा जाँ, लोहार जाँ, तांबड्या केसांचा जाँ, रोबेरचा जाँ. त्या शेपटांचीच पुढे आडनावं झाली. फ्रेंच लोक त्यांचे चार वर्ग करतात: बापाच्या नावाची, जागेची, धंद्याची आणि टोपणनावाची. कुलकर्णी, सुतार, लोहार आणि असंख्य 'कर' यांच्यात वाढलेल्या मराठी माणसाला हे निराळं समजावून सांगायला नको.

आश्चर्य वाटेल, पण आजही फ्रान्समधलं सगळ्यांत जास्त आढळणारं आडनाव 'मार्तां' आहे, जे मुळात पाळण्यातलं नाव. पाठोपाठ येणारी बेर्नार, तोमा, रोबेर, रिशार हीही तसलीच. मार्तांचं मूळ चौथ्या शतकातल्या तूर शहराच्या संत मार्टिनमध्ये. हा आधी रोमन फौजेत शिपाई होता. आख्यायिका अशी की थंडीनं कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला पाहून त्यानं तलवारीनं आपला झगा दुभंगला आणि अर्धा त्याला दिला. तो झगा पुढे फ्रँक राजांची पवित्र ठेव झाला. झग्याला लॅटिनमध्ये 'काप्पा'. त्याचं लघुरूप 'कापेल्ला'. झगा ठेवण्याची जागा ती 'शापेल', इंग्रजीत चॅपल. या संताच्या नावाची दोनशेहून अधिक गावं फ्रान्समध्ये आहेत. मग त्याच्या नावाची माणसं किती असतील?

जागेवरून पडलेली नावं तर रस्त्यावरच्या पाट्यांसारखी वाचता येतात. द्युपों पुलाजवळचा, द्युब्वा रानालगतचा, द्युव्हाल दरीतला, देशां शेतांकडचा, फोंतेन झऱ्यापाशी राहणारा. परगावाहून आलेल्याला त्याच्या मुलखाचं नाव मिळे: पिकार, लब्रतों, लनोर्माँ, इंग्लंडकडून आलेला तो लांग्ले. यातली एक गंमत अशी की ब्रितानीत राहणाऱ्याला कोणी 'लब्रतों' म्हणणार नाही, तिथे सगळेच ब्रेटन. ते नाव शेजारच्या प्रांतातच पडतं. आपल्याकडेही सातारकर साताऱ्याबाहेर गेल्यावरच सातारकर होतो.

टोपणनावांत मात्र फसगत होते. 'लर्वा' म्हणजे राजा, 'लेव्हेक' म्हणजे बिशप. राजाचे वंशज गल्लोगल्ली पाव विकत असणार नाहीत, आणि बिशपला तर लग्नाचीच मनाई! जत्रेतल्या नाटकात कोणी राजाचं सोंग घेई, धनुर्विद्येच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याला वर्षभर 'राजा' म्हणत, कोणी राजाच्या किंवा बिशपच्या पदरी चाकरीला असे, किंवा एखादा नुसताच तोऱ्यात चाले. गावानं चेष्टेनं दिलेली पदवी नातवंडांनी गंभीरपणे वागवली.

सगळ्यांत रंगतदार कुळकथा लोहाराची. लोहाराला लॅटिन शब्द 'फाबेर'. या एका शब्दाचा माग काढला की फ्रान्सचा अख्खा भाषिक नकाशा उलगडतो. उत्तरेत त्याचा 'फेव्र' झाला आणि मागे 'ल' लागून लफेव्र. दक्षिणेकडच्या ऑक्सितान भाषेत फाब्र आणि फोर. आल्प्सकडे फाव्र. ब्रितानीत भाषाच वेगळी, केल्टिक कुळातली. तिथला लोहार 'ल गोफ'. अल्सासमध्ये जर्मन बोली, तिथे श्मित. म्हणजे फोन डिरेक्टरीत हे पाच जण शेजारी बसले तरी त्यांच्या खापरपणजोबांना एकमेकांचं बोलणं कळलं नसतं. 'फ्रान्सची भाषा फ्रेंच' हे वाक्य किती अलीकडचं आहे, याचा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही.

त्यातही 'लफेव्र' या नावाचं लिखाण पाहण्यासारखं. त्यात एक 'ब' लिहितात, पण उच्चारात तो नाही. मध्ययुगाच्या उत्तरार्धात लॅटिन शिकलेल्या कारकुनांना वाटलं की 'फेव्र' हा 'फाबेर'चा वंशज आहे हे दिसलं पाहिजे, म्हणून त्यांनी विद्वत्तेपोटी 'ब' घुसडला. त्या काळी 'यू' आणि 'व्ही' या अक्षरांत लिखाणात फरक नसे. झालं असं की काही ठिकाणी वाचणाऱ्यांनी 'व्ही'चा 'यू' केला, 'ब' तर समोर होताच, आणि 'लफेब्यूर' असं एक नवंच आडनाव जन्माला आलं. आज लफेब्यूर नावाची हजारो माणसं आहेत. एका हुशार कारकुनाची भर आणि दुसऱ्या कमी हुशार कारकुनाचं वाचन, एवढीच त्यांची वंशावळ.

बास्क मुलखात आणखी वेगळी तऱ्हा. तिथे माणूस घराला नाव देत नसे, घर माणसाला देई. 'एचेव्हेरी' म्हणजे नवं घर. जो त्या घरात राहायला जाई, मग तो घरजावई का असेना, त्याला घराचंच नाव चिकटे.

ही सगळी नावं कित्येक शतकं पातळ होती. भाऊ-भाऊ वेगळ्या नावांनी ओळखले जात, मुलगा धंदा बदलला की नावही बदले. ती घट्ट झाली कागदामुळे. ऑगस्ट १५३९ मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजानं व्हिलेर-कोतरे इथे एक फर्मान काढलं. कोर्टकचेरीचे कागद लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहावेत या कलमासाठी ते प्रसिद्ध आहे, पण त्यातच पाद्र्यांनी बाप्तिस्म्यांची नोंदवही ठेवावी असाही हुकूम आहे. १५७९ मध्ये त्यात लग्नं आणि मृत्यू आले. १६६७ मध्ये प्रत्येक वहीच्या दोन प्रती करायचा हुकूम निघाला, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील. चोख व्यवस्था. फक्त पॅरिसमध्ये १८७१ च्या मे महिन्यात, कम्यूनच्या शेवटच्या आठवड्यात, नगरभवन आणि न्यायालय अशा दोन्ही इमारती जळाल्या आणि दोन्ही प्रती एकदमच राख झाल्या. १८६० पूर्वीच्या पॅरिसकरांचा माग काढणारे आजही त्या आगीला शिव्या देतात.

वहीत लिहिलेलं नाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं, तरी त्याभोवती मोकळीक पुष्कळ होती. फौजेत भरती होताना शिपायाला 'लढाईचं नाव' मिळे: लाफ्लर म्हणजे फूल, जोलिकर म्हणजे देखणं काळीज, सां-सुसी म्हणजे बेफिकीर. यातले कित्येक शिपाई कॅनडात स्थायिक झाले आणि क्वेबेकमध्ये ती टोपणनावं घरंदाज आडनावं होऊन बसली. लेखक-नटांनी तर नाव बदलणं हा हक्कच मानला. पोक्लां मोलिएर झाला, आरुए व्हॉल्तेर झाला. कादंबरीकार बाल्झाकचे वडील दक्षिणेतल्या शेतकरी घरातले, मूळ आडनाव बाल्सा. त्यांनी ते 'बाल्झाक' असं ऐटदार केलं आणि मुलानं पुढे 'द'ची भर घातली. या 'द'चा आणि उमरावपणाचा संबंध लोक समजतात तेवढा पक्का नाही. कित्येक उमरावांना तो नव्हता आणि कित्येक शेतकऱ्यांना होता.

ज्यांना बापच माहीत नाही त्यांचं काय? नोव्हेंबर १७१७ मध्ये पॅरिसच्या नोत्र-दामला लागून असलेल्या 'सें-जाँ-ल-रों' या छोट्या चर्चच्या पायऱ्यांवर एक तान्हं मूल सापडलं. चर्चचंच नाव त्याला देण्यात आलं: जाँ ल रों. पुढे त्यानं स्वतः द'आलांबेर हे नाव घेतलं, गणितात नाव काढलं आणि दिदरोबरोबर विश्वकोशाचं संपादन केलं. अशा मुलांना 'त्रुव्हे' म्हणजे सापडलेला, 'द्यदोने' म्हणजे देवानं दिलेला, अशी नावं सर्रास मिळत. १८११ च्या हुकमानं तर अनाथालयाच्या भिंतीत फिरता लाकडी पाळणा बसवायची सोय केली. आईनं बाहेरून मूल ठेवायचं, घंटा वाजवायची आणि तोंड न दाखवता निघून जायचं. आतल्या माणसानं पाळणा फिरवायचा आणि वहीत नाव लिहायचं. त्या क्षणी ज्याच्या हातात लेखणी असे, तोच बाप.

राज्यक्रांतीनं ही लेखणी पाद्र्यांच्या हातून काढून घेतली. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्यानं जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी नगरपालिकेकडे आल्या. क्रांतीच्या पहिल्या उत्साहात लोकांनी हवी ती नावं घेतली. राजाचा चुलतभाऊ ऑर्लेआँचा ड्यूक 'फिलिप एगालिते', म्हणजे 'समता' हे आडनाव लावू लागला. त्यानं राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूनं मत दिलं, आणि नोव्हेंबर १७९३ मध्ये त्याचंही डोकं गिलोटिनखाली गेलं. खुद्द राजाला मात्र आडनाव नको असताना मिळालं. राजांना आडनाव नसतंच. पण डिसेंबर १७९२ मध्ये खटल्यासाठी सोळाव्या लुईला नेताना हुकूमनाम्यात नाव होतं 'लुई कापे'. आपलं नाव कापे नाही, ते आपल्या पूर्वजांपैकी एकाचं होतं, असा आक्षेप त्यानं घेतला. मुद्दा बरोबर होता. 'कापे' हे ९८७ मध्ये गादीवर आलेल्या युग राजाचं टोपणनाव, तेही बहुधा 'काप्पा' या झग्यावरूनच पडलेलं. पण नागरिक म्हटला की आडनाव हवं, आणि ते वहीवाला ठरवणार. प्रजेनं आठशे वर्षं सोसलेली गोष्ट राजाच्या वाट्याला त्या दिवशी आली.

नावांचा हा धुमाकूळ दोन वर्षांत आवरला गेला. २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्यानं ठरवलं की जन्मनोंदीत लिहिलंय त्याखेरीज दुसरं नाव कोणत्याही नागरिकानं धारण करायचं नाही. हा कायदा फ्रान्समध्ये आजही जिवंत आहे. १८०३ मध्ये त्यावर कडी झाली: मुलांची नावं फक्त कॅलेंडरांतली किंवा प्राचीन इतिहासातली ठेवायची आणि आडनाव बदलायचं तर सरकारकडे अर्ज करायचा. कॅलेंडरच्या या नियमामुळे दूरच्या बेटांवर १४ जुलैला जन्मलेल्या काही मुलांना 'फेत-नात' असं नाव मिळालं. कॅलेंडरवर त्या तारखेपुढे 'राष्ट्रीय सण' हे शब्द तसे संक्षेपानं छापलेले असत. हसू येतं खरं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रितानीतल्या एका जोडप्यानं मुलांना ब्रेटन नावं ठेवली, कारकुनानं ती लिहायचं नाकारलं, आणि त्यांतल्या कित्येक मुलांना वर्षानुवर्षं सरकारदरबारी अस्तित्वच नव्हतं. ही सक्ती पूर्ण उठली ती ८ जानेवारी १९९३ च्या कायद्यानं.

ज्यांच्याकडे घट्ट आडनाव नव्हतं त्यांना ते घ्यायला लावण्याचाही इतिहास आहे, आणि तो मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. २० जुलै १८०८ रोजी नेपोलियननं साम्राज्यातल्या ज्यूंना कायम आडनाव घेण्याचा हुकूम दिला. बायबलच्या जुन्या करारातली नावं किंवा शहरांची नावं, ती आधीपासून घराण्यात चालत असल्याशिवाय, घ्यायची नाहीत अशी अट होती. २७ एप्रिल १८४८ च्या हुकमानं वसाहतींतली गुलामगिरी संपली आणि मार्तिनीक, ग्वादलूप, रेयुनियों इथले लाखो स्वतंत्र झालेले लोक आडनावासाठी कचेरीसमोर उभे राहिले. त्यांना तोवर एक पाळण्यातलं नाव आणि मालकाच्या यादीतला एक क्रमांक होता. गोऱ्या मळेवाल्यांची आडनावं त्यांना देण्याला मनाई होती. गुलामाच्या पोटी जन्मलेल्या मालकाच्या मुलाचं बिंग फुटायला नको, हे त्यामागचं उघड कारण. मग कारकुनांनी दिवसाला शेकड्यांनी नावं पाडली. रोमन-ग्रीक पुराणांतली, झाडापेल्यांची, गावांची. कल्पना संपली की कुणाच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून. काही नावं सुंदर आहेत, काहींत कारकुनाचा कुत्सितपणा लपत नाही. एकाच आईची मुलं वेगवेगळ्या दिवशी आली म्हणून वेगवेगळ्या आडनावांची झाली. आज त्या बेटांवरची माणसं या नोंदवह्या हुडकतात, तेव्हा त्यांना पणजोबांच्या नावापुढे तो क्रमांकही सापडतो.

अल्जीरियात २३ मार्च १८८२ च्या कायद्यानं तेच केलं. तिथे 'अमक्याचा मुलगा तमका' अशी पिढ्यांची साखळी चाले. ती तोडून प्रत्येकाला एक आडनाव डकवलं गेलं. ज्यांनी नाव सांगितलं नाही किंवा जे सुटले, त्यांच्या कागदावर आडनावाच्या जागी 'एस.एन.पी.' अशी तीन अक्षरं पडली. अर्थ: 'कुलनाम नाही'. ती अक्षरंच मग त्यांच्या मुलाबाळांच्या कागदांवर आडनावासारखी उतरत गेली.

याच सुमारास आपल्या देशातही ही लेखणी चालली, आणि इथे मात्र गोष्टीला निराळं वळण लागतं. पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम, चंद्रनगर ही फ्रेंचांची ठाणी. त्यांतलं कारैकल त्यांनी १७३९ मध्ये तंजावरच्या आपल्या भोसल्यांकडून मिळवलेलं. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकमानं तिथल्या हिंदी माणसाला आपला जातीधर्माचा वैयक्तिक कायदा सोडून फ्रेंच नागरी कायद्याखाली येण्याची मुभा मिळाली. एकदा सोडलं की परत फिरणं नाही. आणि सोडताना स्वतःसाठी, बायकोमुलांसाठी एक आडनाव निवडायचं. या लोकांना 'रनोंसां', म्हणजे त्याग केलेले, म्हणत. त्यांचे पुढारी वकील पोन्नुतंबी पिल्लै. १८७३ मध्ये हे गृहस्थ युरोपीय बूट घालून कोर्टात आले म्हणून त्यांना अडवण्यात आलं. हिंदी माणसानं तिथे अनवाणी यायचं, असा दंडक. ते पॅरिसपर्यंत भांडले आणि जिंकले. पुढे त्यांनी आडनाव घेतलं 'लापोर्त'. अर्थ दार.

पिल्लै हे जात सांगणारं नाव, लापोर्त काहीच सांगत नाही. त्याग करणाऱ्यांत ख्रिस्ती आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतले लोक मोठ्या संख्येनं होते, यात नवल नाही. ग्वादलूपच्या रांगेतल्या माणसाला आडनाव दिलं गेलं, पाँडिचेरीतल्या माणसानं ते घेतलं. वही तीच, कायदा त्याच घराण्यातला. आडनावावरून जात हुंगणाऱ्या समाजात राहणाऱ्या मला हा फरक फार मोठा वाटतो. परकी सत्ता, परकी भाषा, सगळं मान्य करूनही.

बायकांची गोष्ट उरली. १७९४ चा तो कायदा स्त्री-पुरुष भेद करत नाही, त्यामुळे फ्रान्समध्ये लग्न झाल्यानं बाईचं आडनाव कायद्यानं कधीच बदलत नाही. नवऱ्याचं नाव ती फक्त 'वापरते'. सरकारी कागदावर माहेरचं नाव पहिलं. पण हे पुस्तकात. व्यवहारात पोस्टमनपासून बँकेपर्यंत सगळ्यांनी तिला नवऱ्याच्याच नावानं हाक मारली. आपल्याकडे सासरी गेल्यावर आडनावच काय, काही घरांत पाळण्यातलं नावही बदलायचे, तेव्हा आपण त्यांना हसू नये. मूल बापाचं आडनाव लावणार, हेही नागरी संहितेत कुठे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. ती रूढी इतकी पक्की की लिहायची गरज कोणाला वाटली नाही. १९८५ मध्ये आईचं नाव नुसतं वापरायला जोडण्याची मुभा मिळाली, मुलांना देण्याची नाही. ४ मार्च २००२ च्या कायद्यानं आईचं, बापाचं किंवा दोघांचं नाव देता येऊ लागलं. तो २००५ पासून लागू झाला. दोन नावं जोडताना मध्ये एकाऐवजी दोन आडव्या रेघा द्या, असं फर्मान कचेऱ्यांनी काढलं. पालक त्यावरही भांडले आणि २००९ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती दुहेरी रेघ बेकायदा ठरवली.

१ जुलै २०२२ पासून आणखी एक दार उघडलं आहे. अठरा वर्षांवरच्या कोणालाही, आयुष्यात एकदा, आपलं आडनाव सोडून आईचं किंवा बापाचं दुसरं आडनाव घेता येतं, किंवा दोन्ही जोडता येतात. कारण सांगावं लागत नाही. पूर्वी अशा अर्जात, बाप सोडून गेला, मारहाण करत होता, हे सगळं मंत्रालयातल्या अनोळखी माणसाला पटवून द्यावं लागे. आता नगरपालिकेत एक अर्ज द्यायचा, महिनाभर थांबायचं आणि विचार पक्का आहे हे सांगायला स्वतः परत जायचं. अर्जदाराला मुलं असतील तर तेराच्या आतल्यांचं नाव आपोआप बदलतं. तेरा वर्षांवरच्या मुलाला मात्र आधी विचारावं लागतं, आणि ते नाही म्हणालं तर त्याचं जुनंच राहतं.